कुकडीच्या खोऱ्यातील अभ्याससहल: आधी लाव्हाचे थर वाचा, मग वनराई बंधारा बांधा

शाळा-महाविद्यालयांच्या सहलींत हल्ली ‘निसर्गसंवर्धन’ हा शब्द हमखास असतो. प्रत्यक्षात मात्र शेवटच्या दिवशी जेवणानंतर उरलेल्या दीड तासात प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करणे, फलक धरून छायाचित्र काढणे आणि भरलेली पोती गावाच्या वेशीवर सोडून बसमध्ये बसणे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. दुसऱ्या बाजूने खडकांची माहिती सांगणारा शिक्षक कड्यावर उभा राहून ‘हा बेसॉल्ट आहे’ असे सांगतो, मुले ते वहीत उतरवतात आणि पुढे त्या माहितीचा कशाशीही संबंध येत नाही. दोन्ही गोष्टी फसतात, कारण त्या एकमेकींपासून तोडून आखलेल्या असतात.

जुन्नर तालुक्यात या दोन गोष्टी एकत्र बांधता येतात. पावसाळ्यानंतर ओढ्यावर माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता वनराई बंधारा कोठे घालावा आणि त्यात पाणी किती टिकेल, हे बव्हंशी तळाशी लाव्हाचा कोणता थर आहे यावर ठरते. म्हणून खडक पाहणे ही कामाची पूर्वतयारी आणि बंधारा ही त्या निरीक्षणाची परीक्षा, असा क्रम ठेवावा. पुढील आराखडा सुमारे ४० विद्यार्थी, तीन दिवस आणि दोन मुक्काम धरून दिला आहे. त्यात कुकडी नदीच्या उगमाकडून खालच्या अंगाला उतरत जायचे आहे.

टप्पा १: आधी काम ठरवा, मग तारीख

बहुतेक आयोजक सुट्ट्यांच्या यादीवरून तारीख धरतात आणि नंतर त्या तारखेला बसेल असे काम शोधतात. क्रम याच्या उलट हवा. वनराई बंधारा परतीचा पाऊस थांबल्यावर आणि ओढा वाहता असतानाच बांधावा लागतो. ऑक्टोबरच्या मध्याला बांधलेला बंधारा एका जोरदार सरीने वाहून जाऊ शकतो, तर जानेवारीत बांधायला गेल्यास अडवायला पाणीच उरलेले नसते. पश्चिम जुन्नरमध्ये भाताची काढणी आणि झोडणी दिवाळीच्या मागेपुढे चालते, त्या दिवसांत गावकऱ्यांना तुमच्यासाठी वेळ काढणे अवघड असते. या तिन्ही गोष्टी जुळवल्या तर नोव्हेंबरचा तिसरा आठवडा ते डिसेंबरचा मध्य हा काळ बरा ठरतो. मात्र त्या वर्षीचा पाऊस पाहून गावाकडूनच तारखेला दुजोरा घ्यावा.

या काळात वृक्षारोपण ठेवू नये. पावसाळ्यानंतर लावलेल्या रोपाला उन्हाळाभर पाणी घालणारे कोणी नसेल तर ते जगत नाही, आणि सहलीला आलेली मुले पाणी घालायला परत जात नाहीत. घाणेरी किंवा रानमोडी काढण्याचे काम उपयुक्त आहे, पण वनजमिनीवर ते वन विभागाच्या देखरेखीखालीच करावे लागते. शिवाय झुडूप वरून छाटले तर घाणेरी पुन्हा जोमाने फुटते. ती मुळाच्या मानेखालून तोडून उपटावी लागते आणि पुढील काही वर्षे तीच जागा पुन्हा पाहावी लागते. एका सहलीला हे झेपत नाही. दरवर्षी त्याच गावात जाण्याची तयारी असलेल्या संस्थेनेच ते हाती घ्यावे.

तपासा: हा बंधारा कोणाला हवा आहे, हे एका वाक्यात सांगता येते का? ‘गुरांना मार्चपर्यंत पाणी हवे’ किंवा ‘खालच्या विहिरीला पाझर हवा’ असे उत्तर गावाकडून आलेले असावे. ‘विद्यार्थ्यांना अनुभव मिळावा’ हे उत्तर असेल तर काम अजून ठरलेले नाही असे समजावे.

टप्पा २: दोन महिने आधीची पूर्वपाहणी

पूर्वपाहणी फोनवर होत नाही. दोन शिक्षकांनी एक पूर्ण दिवस जाऊन यावे. पुण्याहून जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर आहे. पहाटे निघाल्यास नाणेघाटाच्या माथ्यावरील घाटघर परिसर, नियोजित ओढा आणि मुक्कामाची जागा एका दिवसात पाहून होते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि ज्यांची शेते ओढ्याला लागून आहेत अशा शेतकऱ्यांना त्याच दिवशी एकत्र भेटावे.

ओढ्यावर किमान तीन जागा पाहाव्यात. पात्र अरुंद, दोन्ही काठ उंच आणि भक्कम, आणि वरच्या बाजूला तळाचा उतार कमी, अशी जागा शोधावी. पात्र रुंद असेल तर गोण्या आणि श्रम वाढतात. उतार तीव्र असेल तर तेवढ्याच उंचीच्या बंधाऱ्यामागे फारच थोडे पाणी साठते. पाणी फुगल्यावर कोणाच्या शेतात शिरेल काय, हेही तेथेच उभे राहून पाहावे.

या टप्प्यावर होणारी मोठी चूक म्हणजे गावाने दाखवलेली पहिली जागा निमूटपणे स्वीकारणे. ती जागा कित्येकदा रस्त्याजवळची असते, कारण पाहुण्यांना चालावे लागू नये अशी गावाची सद्भावना असते. आम्हाला वीस मिनिटे चालायला हरकत नाही, हे आपणहून सांगावे.

टप्पा ३: परवानग्या आणि पालक

ओढा गावठाण, गायरान किंवा खाजगी शेताजवळून जात असेल तर ग्रामपंचायतीचे पत्र आणि लगतच्या शेतकऱ्यांची संमती घ्यावी. तो वनहद्दीत असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी. हद्द कोठे सुरू होते हे नकाशावरून न ठरवता वनरक्षकाला जागेवर नेऊन विचारावे. नाणेघाटातील लेणे संरक्षित स्मारक आहे. तेथे खडकाला हात लावून शिकवण्याचा मोह टाळावा, त्यासाठी बाहेर उघडा खडक भरपूर आहे. शाळेच्या सहलीसाठी शिक्षण विभागाची मंजुरी आणि एसटीच्या सवलतीचा अर्ज वेगळा करावा लागतो. ही कागदपत्रे किमान एक महिना आधी हातात असावीत.

पालकांच्या संमतीपत्रात ‘शैक्षणिक सहल’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. विद्यार्थी माती भरलेली गोणी उचलतील, ओढ्याच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उभे राहतील आणि बिबट्यांचा वावर असलेल्या तालुक्यात दोन रात्री राहतील, हे स्पष्ट लिहावे. दमा, अपस्मार, मधमाशी चावल्यावर येणारी तीव्र ॲलर्जी आणि धनुर्वाताची लस यांची माहिती त्याच पत्रात मागवावी.

इशारा: जुन्नर तालुक्यात बिबट्या ही दंतकथा नाही. येथील माणिकडोह येथे वन विभागाचे बिबट निवारा केंद्र आहे, आणि तालुक्याच्या बागायती पट्ट्यात बिबटे उसाच्या फडात राहतात, तेथेच पिल्लेही होतात. सहलीच्या दिवसांत ऊसतोड सुरू असते, त्यामुळे फड रिकामे होऊन बिबट्यांच्या जागा बदलत असतात. उसाच्या कडेला बस थांबवून मुलांना लघवीला उतरवू नये. अंधार पडल्यावर कोणीही एकट्याने बाहेर जाऊ नये. पिल्लू दिसल्यास त्याला हात न लावता मागे फिरावे आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

टप्पा ४: हिशेब, साहित्य आणि गट

गोण्यांचा अंदाज न करता निघणे ही नेहमीची चूक आहे. हिशेब सोपा आहे आणि तो विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. पात्र ६ मीटर रुंद, बंधाऱ्याची उंची १ मीटर, तळाची जाडी १.६ मीटर आणि माथ्याची ०.८ मीटर धरली तर सरासरी जाडी १.२ मीटर येते. म्हणजे ६ × १ × १.२ = ७.२ घनमीटर भरण लागेल. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत काठोकाठ सुमारे ०.०३५ घनमीटर माल मावतो, पण ती दोन-तृतीयांशच भरायची असल्यामुळे एका गोणीचे भरण ०.०२४ घनमीटर धरावे. त्यानुसार ३०० गोण्या लागतात. फाटक्या आणि वाया जाणाऱ्या गोण्या धरून ३५० न्याव्यात. अशा एका गोणीचे वजन ३५ किलोच्या आसपास भरते. संपूर्ण काम म्हणजे सुमारे ११ टन माती हलवणे आहे. हा आकडा शिक्षकांना आधी कळलेला बरा, म्हणजे ‘तासाभरात उरकू’ ही भाषा बंद होते.

आठवीपर्यंतच्या मुलांना ही गोणी दोघांत उचलण्याचाही आग्रह करू नये. त्यांच्यासाठी गोण्या अर्ध्याच भराव्यात आणि संख्या वाढवावी, किंवा भरणे, तोंड शिवणे आणि मोजमाप ही कामे त्यांच्याकडे द्यावीत.

गोण्या बांधकामाच्या जागेवरून आधीच गोळा कराव्यात, झटकून गठ्ठे बांधावेत आणि त्यांत रासायनिक खताच्या किंवा कीटकनाशकाच्या गोण्या मिसळलेल्या नाहीत याची खात्री करावी, कारण साठणारे पाणी गुरे पिणार आहेत. फावडी, घमेली, टिकाव आणि एक पहार गावातून मिळू शकते, पण संख्या आधी ठरवून त्याचे भाडे द्यावे. दाभण, सुतळी, मोजपट्टी, ५० मीटरची दोरी आणि जाड हातमोजे आपण न्यावेत. खडक पाहण्यासाठी भिंग, होकायंत्र, लोखंडी खिळा आणि पाण्याची बाटली पुरेशी आहे.

इशारा: हातोडा नेऊ नये. उघड्या खडकावरचा प्रत्येक घाव पुढच्या वर्षीच्या मुलांचे निरीक्षण बिघडवतो. पोकळ्यांतील स्फटिक खिशात घालणाऱ्यांना पहिल्याच दिवशी थांबवावे.

विद्यार्थ्यांचे आठ-आठ जणांचे पाच गट करावेत आणि प्रत्येक गटासोबत एक प्रौढ असावा. गट पहिल्या दिवसापासून तेच ठेवावेत. पहिल्या दिवशी ज्याने तळाच्या खडकाची नोंद केली, त्यानेच दुसऱ्या दिवशी त्या खडकावर गोणी ठेवावी, यात खरे शिक्षण आहे. प्रत्येकाकडे पूर्ण बाह्यांचे कपडे, घोटा झाकणारे बूट, ओढ्यातल्या कामात भिजवायला वेगळे जुने बूट (चप्पल नव्हे), टोपी आणि दिवसाला तीन लिटर पाण्याची सोय असावी.

टप्पा ५: पहिला दिवस, नाणेघाटाच्या माथ्यावर थर ओळखणे

सकाळी दहाच्या आत माथ्यावर पोहोचावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांब भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज या खडकाने, म्हणजे बेसॉल्टने, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी २ किलोमीटरच्याही पुढे जाते. एवढी प्रस्तावना पाच मिनिटांत संपवून मुलांना पाहायला लावावे.

प्रथम दूरचे निरीक्षण करावे. जीवधन किल्ल्याच्या बाजूकडे आणि कोकणात उतरणाऱ्या कड्यांकडे पाहिले की उभे कातळ आणि त्यांच्यामध्ये झाडी असलेले अरुंद आडवे पट्टे दिसतात. उभा भाग म्हणजे सामान्यतः घट्ट खडक आणि झाडीचा पट्टा म्हणजे त्यामानाने लवकर झिजणारा थर. प्रत्येक गटाने एका कड्याचे रेखाचित्र काढावे आणि त्यात दिशा, तारीख आणि अंदाजे प्रमाण लिहावे. छायाचित्र चालेल, पण चित्राऐवजी नाही, कारण हाताने काढताना डोळा थर मोजतो.

नंतर जवळून पाहावे. कड्यापासून दूर, वाटेवरच्या उघड्या खडकात चार गोष्टी शोधायच्या आहेत.

काळा, घट्ट, खिळ्याने सहजी न ओरखडणारा खडक हा पहिला. विहीर खणणारे त्याला काळा पाषाण म्हणतात. त्यात छिद्रे नसतात, पण उभ्या भेगा असतात. दुसरा आहे मांजऱ्या, म्हणजे लाव्हातील वायूंचे बुडबुडे अडकून सच्छिद्र झालेला खडक. असे बुडबुडे लाव्हाप्रवाहाच्या माथ्याकडे अधिक असतात, आणि पुष्कळदा ते नंतर पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेले दिसतात. तिसरा, दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी दिसणारा विटकरी लाल थर, ज्याला गेरू म्हणतात. चौथा म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गोल गोल सुटत जाणारा कुजलेला खडक, ज्याचा पुढे मुरूम होतो.

आता पाण्याची बाटली काढावी. चारही ठिकाणी सारखे पाणी ओतून ते कोठे वरून वाहून जाते, कोठे भेगेत नाहीसे होते आणि कोठे जिरते, हे घड्याळ लावून लिहावे. हीच नोंद उद्या उपयोगाला येते. मुले या प्रयोगात रमतात, तेव्हा येथे घाई करू नये. नाणेघाटातला जकातीचा रांजण आणि लेणे पाहायला अर्धा तास पुरतो.

इशारा: कड्याच्या काठापासून तीन मीटरची रेषा आखून ती कोणीही ओलांडू नये. वारा अचानक वाढतो आणि काठावरचे दगड सुटे असतात. कातळात आग्या मोहोळ असू शकते, म्हणून आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तर पूर्ण टाळावे. माशा उठल्यास हात हलवत न थांबता डोके-चेहरा झाकून, कड्यापासून दूर, पळत सुटावे. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे बस कोठे थांबेल आणि कोण धावत जाईल हे आधी ठरवावे.

टप्पा ६: त्याच संध्याकाळी विहिरीचा उभा छेद

जमिनीखालचा खडक पाहण्यासाठी ड्रिलिंगची गरज नसते. गावातील न बांधलेली जुनी विहीर हा तयार छेद असतो. मालकाची परवानगी घेऊन कठड्याबाहेर उभे राहूनच वरून खाली पाहावे: आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण असा क्रम सहसा दिसतो, आणि कोणत्या थरातून पाझर येतो तेही ओल पाहून कळते. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी आणि विहीरमालकाला तीन प्रश्न विचारावेत: पाणी कोणत्या महिन्यात आटते, पाझर कोणत्या बाजूचा आहे, आणि खणताना सर्वांत कठीण थर कितव्या हातावर लागला. खेड्यात पाण्याबद्दल विचारले की माणसे बोलती होतात. ज्या काका-मावशींना भूगर्भशास्त्र हा शब्द ऐकून माहीत नसतो, त्यांना आपल्या विहिरीचा प्रत्येक थर माहीत असतो. येथे शिक्षकांनी मध्ये पडून दुरुस्त्या करू नयेत.

कठडा नसलेल्या विहिरीजवळ एका वेळी तीनच विद्यार्थी जावेत. साडेपाचच्या आत सर्वजण मुक्कामी असावेत. जेवण गावातील महिला बचत गटाकडे सांगितले असेल तर संख्या दोन दिवस आधी कळवावी आणि पैसे त्याच रात्री द्यावेत.

टप्पा ७: दुसरा दिवस, बंधारा

अ. जागेची अंतिम निवड

सकाळी सातला ओढ्यावर पोहोचावे, पण फावडे लगेच हातात घेऊ नये. पूर्वपाहणीत निवडलेल्या तीन जागांवर प्रत्येक गटाने जाऊन तळ तपासावा. पहारीने तळावर ठोकावे: टणक आवाज आला तर घट्ट खडक वरच आहे, बद्द आवाज आला तर गाळ किंवा कुजलेला खडक आहे. भेगा दिसल्यास त्यांत पाणी ओतून पाहावे.

येथे गावाचा उद्देश पुन्हा आठवावा. गुरांसाठी पाणी साठवायचे असेल तर भेगा नसलेल्या काळ्या पाषाणावरची जागा उत्तम. खालच्या विहिरीला पाझर मिळावा असा हेतू असेल तर बंधाऱ्याच्या मागच्या भागात मांजऱ्या किंवा भेगाळलेला खडक असलेली जागा उलट चांगली ठरते, कारण पाणी तेथे मुरते. दोन्ही हेतू एकाच बंधाऱ्याकडून पूर्ण होतील असे आश्वासन गावाला देऊ नये. गेरूच्या थरावर बंधाऱ्याचे टोक टेकवू नये. तो भिजून मऊ पडतो आणि पाणी बाजूने वाट काढते.

जागा विद्यार्थ्यांनी सुचवावी आणि गावकऱ्यांनी मान्य करावी. मतभेद झाला तर गावाचे ऐकावे, कारण पुराच्या वेळी तो ओढा त्यांनी पाहिलेला असतो.

ब. तळ साफ करणे

बंधाऱ्याच्या रुंदीइतक्या पट्ट्यातील पाने, गाळ, मुळ्या आणि सुटे दगड काढून खडक उघडा करावा. बहुतेक बंधारे गळतात ते येथेच, कारण पहिला थर चिखलावर ठेवला जातो. दगड उचलताना तो आपल्याकडे उघडेल असा न धरता पलीकडची कड धरून आपल्या बाजूला वळवावा, म्हणजे खाली फुरसे किंवा विंचू असल्यास मध्ये दगडाची आड राहते. बोटे दगडाखाली घालू नयेत.

साप चावल्यास चिरा देणे, रक्त ओढणे, घट्ट आवळपट्टी बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता १०८ वर फोन करून रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष कोठे उपलब्ध आहे हे पूर्वपाहणीच्या दिवशीच प्रत्यक्ष जाऊन विचारलेले असावे.

क. भरणे आणि रचणे

माती शक्यतो बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या पात्रातील गाळातून घ्यावी. त्यामुळे साठाही वाढतो. काठाचा पायथा खणू नये, काठ ढासळला तर बंधारा निरुपयोगी होतो. गोणी दोन-तृतीयांश भरून तोंड शिवावे. ठासून भरलेली गोणी गोल होते आणि दोन गोण्यांमध्ये पोकळी राहते, हे कितीही सांगितले तरी उत्साही मुले गोणी ठासूनच भरतात, म्हणून भरण्याच्या जागी एक प्रौढ उभा हवा. गोण्या दोघा-दोघांनी किंवा साखळी करून पुढे द्याव्यात. खांद्यावर घेऊन ओल्या दगडांवरून चालू देऊ नये.

पहिला थर प्रवाहाला आडवा, पूर्ण पात्रभर लावावा. वरच्या थरातील सांधा खालच्या सांध्यावर येऊ नये, विटांच्या बांधकामात असते तशी सांधेमोड ठेवावी. प्रत्येक थरानंतर पायाने दाबून वरच्या अंगाच्या फटी चिकण काळ्या मातीने लिंपाव्यात. दोन्ही टोके काठात किमान हातभर आत घालावीत. थर वाढत जातील तसा खालच्या बाजूने उतार देत माथा अरुंद करावा. मध्यभागी जादा पाणी वाहून जाण्यासाठी एक गोणीभर खोल सांडवा सोडावा आणि त्याच्या खाली पाणी पडते तेथे मोठे दगड अंथरावेत. सांडवा ठेवला नाही तर पाणी रात्रीतून काठाच्या बाजूने वाट पाडते आणि सकाळी सगळे श्रम वाहून गेलेले दिसतात.

तपासा: बंधाऱ्याचा माथा काठापेक्षा किमान एक फूट खाली आहे का? खालच्या अंगाला गढूळ पाण्याची बारीक धार कोठे येते आहे? गढूळ धार म्हणजे माती वाहते आहे. ती त्याच वेळी लिंपून बंद करावी. स्वच्छ पाण्याचा किरकोळ पाझर चालतो.

चाळीस जणांना या कामाला मधल्या विश्रांतीसह चार ते पाच तास लागतात. अकरानंतर ऊन वाढते, तेव्हा दर अर्ध्या तासाने गटांची कामे बदलावीत. काम अपुरे राहण्याची चिन्हे दिसली तर उंची कमी करावी, पण टोके, लिंपण आणि सांडवा पूर्ण करावा. अर्ध्या मीटरचा नीट बांधलेला बंधारा एक मीटरच्या गळक्या बंधाऱ्यापेक्षा बरा.

ड. मोजमाप

दुपारनंतर पाणी चढू लागते. सांडव्यावरून ते वाहू लागले की साठ्याची लांबी, सरासरी रुंदी आणि बंधाऱ्याजवळची खोली मोजावी. लांबी × रुंदी × खोली भागिले दोन, हा ढोबळ साठा झाला. तळाचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल तर १ मीटर खोलीमागे पाणी सुमारे ५० मीटर लांब पसरते. रुंदी ६ मीटर धरल्यास १५० घनमीटर, म्हणजे दीड लाख लिटर पाणी होते. काठ उतरते असतील तर आकडा याहून कमी येतो, आणि तो कमीच लिहावा. फुगवलेला आकडा ग्रामपंचायतीच्या दप्तरी गेला की पुढच्या वर्षी त्यावरून नियोजन चुकते.

टप्पा ८: तिसरा दिवस, नदीच्या खालच्या अंगाला

मुले दमलेली असतात, म्हणून या दिवशी तीनच थांबे ठेवावेत आणि ते पाण्याने खडकाचे काय केले या एका सूत्रात बांधावेत. निघण्यापूर्वी एका गटाने बंधाऱ्यावर जाऊन रात्रीतली पातळी मोजून यावे.

पहिला थांबा अणे घाटाजवळील गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल. ओढ्याच्या पाण्याने खालचा खडक पोखरला गेला आणि वरचा भाग कमानीसारखा उरला. काल तळ आणि टोके का जपली, हे येथे न बोलता पटते. कमानीच्या कडेला गर्दी करू नये.

दुसरा थांबा बोरी बुद्रुक. येथे कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. ही राख दख्खनच्या लाव्हाची नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे, कारण बहुतेकांचा येथेच घोटाळा होतो. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी जोडली जाते, ज्याचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. बोरीतील थराच्या वयाबद्दल मात्र संशोधकांमध्ये मतभेद राहिले आहेत, आणि वर्गात ते तसेच मांडावेत. थर मऊ असतो. त्यावर चढणे, तो खरवडणे किंवा ‘थोडीशी राख’ डबीत भरणे पूर्ण निषिद्ध ठेवावे.

तिसरा थांबा निघोजचे रांजणखळगे. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कठीण बेसॉल्टमध्ये कोरलेले हे खळगे पाहताना मुलांकडून खळग्याच्या तळाशी असलेल्या गोट्यांचा आकार आणि गुळगुळीतपणा नोंदवून घ्यावा.

इशारा: कुकडीवर वरच्या अंगाला धरणे आहेत आणि सिंचनाचे आवर्तन सुटले की पात्रातले पाणी वाढते. निघण्याच्या आदल्या दिवशी आवर्तनाची चौकशी करावी, आणि ते चालू असेल तर काठावरूनच पाहून परतावे. एरवीही खळग्यांत उतरू देऊ नये. कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात आणि आतल्या पाण्याची खोली वरून समजत नाही.

टप्पा ९: सहलीनंतरची चार कामे

आठवड्याभरात मोजमापांचा दोन पानी मराठी अहवाल ग्रामपंचायतीला पाठवावा. त्यात जागेचा नकाशा, तळाच्या खडकाची नोंद, गोण्यांची संख्या आणि साठा असावा. विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्यात नसली तरी चालतात.

दर महिन्याला ठरावीक तारखेला गावातील एका व्यक्तीला फोन करून पाण्याची खोली आणि विहिरीची पातळी विचारावी आणि आलेख वर्गात लावावा. खडकाबद्दल केलेला अंदाज बरोबर होता की चूक, हे फेब्रुवारी-मार्चमध्ये कळते. चूक निघाल्यास कारण शोधणे हा पुढच्या तुकडीचा पहिला तास असावा.

सहलीत गोळा केलेला कचरा गावात न सोडता बसमधून परत आणावा आणि जेथे वर्गीकरण होते तेथेच द्यावा.

चौथे काम जवळजवळ कोणीच करत नाही. प्लास्टिकच्या गोण्या उन्हाने विरतात, पहिल्या पुरात फाटतात आणि त्यांचे तुकडे शेतांत आणि नदीत पसरतात. पाणी आटल्यावर, म्हणजे मेअखेरपर्यंत, गोण्या उचलून माती काठावर पसरली पाहिजे. हे काम कोण करणार, त्याची मजुरी किती आणि ती संस्थेच्या कोणत्या खर्चातून जाणार, हे ग्रामपंचायतीच्या पहिल्याच पत्रात लिहून घ्यावे आणि ती रक्कम सहलीच्या शुल्कातच धरावी.